ऑनलाइन अर्ज व ब्राउझर-चौकटी

ऑनलाइन अर्ज व ब्राउझर-चौकटी : वेबपृष्ठावर आखलेल्या रकान्यांतून अर्जदाराची माहिती घेऊन ती दूरच्या संगणकाकडे पोहोचविणाऱ्या साधनास ऑनलाइन अर्ज म्हणतात. काही अर्जांचे स्वरूप अर्जदाराच्या उत्तरांनुसार तत्काळ बदलते. जिल्हा निवडताच त्यातील तालुक्यांची यादी पुढे येते, चुकलेल्या रकान्याखाली लगेच सूचना उमटते, गैरलागू प्रश्न दृष्टीआड होतात. अशा अर्जास आंतरक्रियी अर्ज म्हणतात. अर्जाची ही देवघेव दोन टोकांमध्ये चालते. अर्जदाराच्या मोबाइलवर किंवा संगणकावर चालणारा ब्राउझर ही ग्राहक-बाजू आणि माहिती स्वीकारून साठविणारा संगणक ही सर्व्हर-बाजू होय [⟶ संगणक]. ग्राहक-बाजूचे काम सुकर व्हावे म्हणून आधीच रचून ठेवलेल्या आज्ञावलींच्या सांगाड्यास फ्रेमवर्क ही संज्ञा रूढ आहे. प्रस्तुत नोंदीत त्यास ‘चौकट’ म्हटले आहे. कोणती चौकट निवडावी, किंबहुना चौकट वापरावीच का, हा प्रश्न वरकरणी केवळ तंत्रज्ञांचा वाटतो. तथापि उत्पन्नाचा दाखला, महाविद्यालयातील प्रवेश, शिष्यवृत्ती, पीकविमा यांसारख्या गोष्टी आता अशा अर्जांवर अवलंबून असल्यामुळे निवडीचे बरेवाईट परिणाम अखेरीस अर्जदाराच्या वाट्याला येतात.

पार्श्वभूमी : ठरीव नमुन्यात माहिती भरण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. महसूल खात्याचे गाव नमुने सर्वपरिचित असून त्यांपैकी ७ व १२ या क्रमांकांच्या नमुन्यांवरूनच ‘सातबारा’ हा शब्द रूढ झाला. कागदी नमुन्यात एक लवचिकपणा असतो. रकाना अपुरा पडल्यास समासात लिहिता येते, शंका आल्यास कारकुनास विचारता येते आणि अपवादात्मक प्रकरणी शेरा मारून अर्ज पुढे पाठविता येतो. संगणकीय अर्जास समास नसतो. रचनाकाराने ज्या शक्यतेचा विचार केला नाही, ती शक्यता ज्या अर्जदाराच्या बाबतीत खरी असेल, त्याचा अर्ज पुढे सरकत नाही.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ या कायद्याने अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत मिळण्याचा हक्क पात्र व्यक्तींना दिला. त्यासाठी ‘आपले सरकार’ हे संकेतस्थळ उपलब्ध असून गावोगावच्या सेवा केंद्रांतूनही अर्ज भरून दिले जातात. या कायद्यात अर्जाची पोचपावती महत्त्वाची आहे. कारण सेवा किती दिवसांत मिळावयास हवी याची गणना अर्जाच्या तारखेशी निगडित असते. अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश मुंबई विभागात २००९ पासून सुरू झाले व २०२५–२६ या शैक्षणिक वर्षापासून ही पद्धत राज्यभर लागू करण्यात आली. त्यामुळे ऑनलाइन अर्ज ही शहरी सोय न राहता ग्रामीण विद्यार्थ्यांनाही अपरिहार्य अशी पायरी झाली आहे.

तंत्राचा विकास : वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत मांडली. आरंभी वेबपृष्ठे प्रामुख्याने वाचण्यापुरती होती. १९९३ मध्ये मोझेक या ब्राउझरात अर्जाचे रकाने दाखविण्याची सोय आली आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल २.० या प्रमाणात तिचा अंतर्भाव झाला. या काळात सर्व पडताळणी सर्व्हरवर होई. एक रकाना चुकला तरी संपूर्ण पृष्ठ परत येई व पुष्कळदा आधी भरलेली माहिती पुसली जाई.

ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्ट ही भाषा तयार केली. तिच्यामुळे काही पडताळणी ब्राउझरमध्येच करणे शक्य झाले. १९९७ मध्ये एक्मास्क्रिप्ट या नावाने तिचे प्रमाणीकरण झाले. संपूर्ण पृष्ठ न बदलता पार्श्वभूमीवर सर्व्हरकडून माहिती मागविण्याची सोय मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये आपल्या ब्राउझरात आणली. या तंत्रास २००५ मध्ये ‘एजॅक्स’ हे नाव मिळाले. तालुका निवडताच गावांची यादी येणे हे याच तंत्राचे फळ होय. निरनिराळ्या ब्राउझरांमधील फरक झाकणारी जेक्वेरी ही आज्ञावली जॉन रेसिग यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केली व ती अल्पावधीत सर्वत्र पसरली. २०१४ मध्ये एचटीएमएलची पाचवी आवृत्ती प्रमाण म्हणून मान्य झाली. रकाना अनिवार्य ठरविणे, कमाल व किमान मूल्य ठरविणे, ईमेल पत्त्याची ठेवण तपासणे, तारीख निवडण्यासाठी दिनदर्शिका दाखविणे ही कामे तिच्यामुळे ब्राउझर स्वतःच करू लागला. पूर्वी ज्यासाठी स्वतंत्र आज्ञावली लिहावी लागे, त्याचा मोठा भाग अशा प्रकारे विनासायास उपलब्ध झाला. चौकटीची निवड करताना हीच गोष्ट अनेकदा विसरली जाते.

चौकटीचे कार्य : अर्ज भरला जात असताना प्रत्येक क्षणी त्याची एक विशिष्ट स्थिती असते. कोणत्या रकान्यात काय भरले आहे, कोणता रकाना चुकला आहे, कोणता प्रश्न तूर्त लपविलेला आहे, सर्व्हरकडून उत्तर यावयाचे आहे की आले आहे, या सर्वांची मिळून ती स्थिती बनते. पडद्यावरील चित्र या स्थितीशी सतत जुळते ठेवणे हे आंतरक्रियी अर्जातील सर्वांत कटकटीचे काम आहे. पाच रकान्यांच्या अर्जात ते हाताने करता येते. पन्नास रकाने व त्यांमधील परस्परावलंबन असेल, तर एका बदलाचा परिणाम कोठे कोठे होतो याचा हिशेब ठेवणे अवघड होते. चौकट हा हिशेब आपल्याकडे घेते. रचनाकाराने ‘अमुक स्थितीत पडदा असा दिसावा’ एवढे सांगावयाचे आणि बदल घडवून आणण्याचे काम चौकटीवर सोपवावयाचे, अशी ही विभागणी आहे.

माहितीच्या प्रवाहावरून चौकटींचे दोन ढोबळ प्रकार पडतात. द्विमार्गी बंधनात रकान्यातील मजकूर बदलला की साठविलेले मूल्य बदलते व मूल्य बदलले की रकाना बदलतो. यामुळे लेखन थोडक्यात होते; मात्र मोठ्या अर्जात एखादे मूल्य नेमके कोणी बदलले, याचा माग काढणे कठीण जाते. एकमार्गी प्रवाहात मूल्याकडून पडद्याकडे एकच वाट असते व प्रत्येक बदल स्पष्ट सूचनेनेच करावा लागतो. लेखन वाढते, पण वर्तन समजण्यास सोपे राहते.

प्रमुख चौकटी : गूगलने पुरस्कारिलेली अँग्युलरजेएस ही चौकट द्विमार्गी बंधनामुळे अर्जांसाठी विशेष लोकप्रिय झाली. तिची १.० ही आवृत्ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१६ मध्ये तिच्या जागी मुळापासून नव्याने रचलेली अँग्युलर ही चौकट आली आणि जुन्या चौकटीचा अधिकृत पाठिंबा २०२१ च्या अखेरीस थांबला. अँग्युलरमध्ये अर्जरचना, पडताळणी, पृष्ठबदल इ. सर्व अंगे एकत्र मिळतात. त्यामुळे मोठ्या संघास एकच शिस्त लाभते. तथापि तिचे आकारमान मोठे व शिक्षणकाळ दीर्घ असतो.

फेसबुकने २०१३ मध्ये खुली केलेली रिअ‍ॅक्ट ही काटेकोर अर्थाने केवळ पडदा रचणारी लायब्ररी आहे. तिचा प्रवाह एकमार्गी असून व्यापक अर्जरचनेसाठी सहसा तिला पूरक आज्ञावलींची जोड द्यावी लागते. तिचा प्रसार मोठा असल्याने जाणकार सहज मिळतात. मात्र पूरक भागांची निवड प्रत्येक संघ आपापल्या परीने करीत असल्यामुळे एकाचे काम दुसऱ्यास चटकन उमगत नाही. इव्हान यू यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेली व्ह्यू ही चौकट या दोहोंच्या मधली म्हणता येईल. तिच्यात रकान्यांसाठी द्विमार्गी बंधनाची सुटसुटीत सोय असून आधीच्या पृष्ठातही ती थोडी थोडी वापरता येते. रिच हॅरिस यांची स्वेल्ट (२०१६) ही चौकट आपले बरेचसे काम आज्ञावली तयार होतानाच उरकते, त्यामुळे ब्राउझरकडे पाठवावयाचा भाग लहान राहतो. प्रिअ‍ॅक्ट ही रिअ‍ॅक्टसारखीच, परंतु अवघी सुमारे ४ किलोबाइट आकारमानाची आवृत्ती आहे. २०२० मध्ये आलेल्या एचटीएमएक्स या साधनाचा दृष्टिकोन याहून वेगळा आहे. त्यात सर्व्हर पृष्ठाचा तयार तुकडाच पाठवितो आणि ब्राउझर तो योग्य जागी बसवितो; स्थितीचा हिशेब मुख्यतः सर्व्हरवरच राहतो. ही सर्व साधने मुक्तस्रोत असून त्यांच्या वापरासाठी शुल्क पडत नाही. त्यामुळे निवडीत किंमतीचा प्रश्न गौण ठरतो व इतर निकष पुढे येतात.

निवडीचे निकष : पहिला निकष अर्जदार व त्याचे साधन हा होय. छत्रपती संभाजीनगर परिसरातील वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा यांसारख्या औद्योगिक वसाहतींतील एखाद्या कारखान्यात मालाची नोंद करणारा कर्मचारी एकाच संगणकावर, स्थिर जोडणीवर, दिवसभर तोच अर्ज भरीत असतो. अशा ठिकाणी चौकट एकदा उतरवून घेण्यास काही सेकंद लागले तरी बिघडत नाही; उलट पुढील प्रत्येक नोंद झपाट्याने होते. याउलट सोयगाव किंवा कन्नड तालुक्यातील विद्यार्थी वर्षातून एकदा, साध्या मोबाइलवर, मधूनच खंडित होणाऱ्या जोडणीवर अर्ज भरतो. त्याच्या बाबतीत पृष्ठ प्रथम उघडण्यास लागणारा वेळ हाच निर्णायक असतो. जोडणीचा वेग सेकंदास २०० किलोबिट असेल, तर १ मेगाबाइटचे पृष्ठ उतरण्यास सुमारे ४० सेकंद आणि ५० किलोबाइटचे पृष्ठ उतरण्यास सुमारे २ सेकंद लागतात. शिवाय उतरलेली जावास्क्रिप्ट आज्ञावली वाचून चालविण्याचा भार मोबाइलच्या प्रक्रियकावर पडतो, तो वेगळाच.

दुसरा निकष अर्जाच्या गुंतागुंतीचा आहे. रकाने थोडे व एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर एचटीएमएलच्या अंगभूत सोयी व थोडी जावास्क्रिप्ट पुरेशी ठरते. एखाद्या उत्तरावरून पुढचा संपूर्ण विभाग बदलत असेल, कुटुंबातील सदस्यांच्या ओळी हव्या तितक्या वाढविता येत असतील किंवा बेरजा सतत करावयाच्या असतील, तेथे चौकटीचा खरा उपयोग होतो.

तिसरा निकष सुलभतेचा आहे. दृष्टिहीन व्यक्ती पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीच्या साहाय्याने अर्ज भरतात. रकान्यास त्याचे नाव एचटीएमएलमध्ये योग्य रीतीने जोडलेले असेल, तरच ते वाचले जाते. आकर्षक दिसावी म्हणून चौकटीतून घडविलेली निवडयादी पुष्कळदा या आज्ञावलीला नुसता निरर्थक चौकोन भासते. ब्राउझरची साधी निवडयादी मात्र विनासायास ओळखली जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आणि भारत सरकारची शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे (२००९, तिसरी आवृत्ती २०२३) यांमुळे शासकीय अर्जांत ही गोष्ट ऐच्छिक राहिलेली नाही.

चौथा निकष टिकाऊपणाचा होय. शासकीय अर्ज दहा-पंधरा वर्षे वापरात राहू शकतो; चौकटींचे आयुष्य पुष्कळदा त्याहून कमी असते. अँग्युलरजेएसचा उल्लेख वर आलाच आहे. व्ह्यूच्या दुसऱ्या आवृत्तीचा पाठिंबा २०२३ च्या अखेरीस संपला. ब्राउझरला जोडून चालणारे फ्लॅश हे साधन २०२० च्या अखेरीस आणि सिल्व्हरलाइट २०२१ मध्ये बंद झाले. याउलट १९९५ च्या प्रमाणातील अर्जाचे मूळ घटक आजचा ब्राउझरही दाखवितो. चौकट जेवढ्या बाहेरच्या आज्ञावलींवर विसंबून असेल, तेवढा धोका वाढतो. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाची अवघ्या ११ ओळींची आज्ञावली तिच्या कर्त्याने सामायिक भांडारातून काढून घेताच जगभरातील असंख्य प्रकल्पांची बांधणी थांबली होती. दुरुस्तीसाठी जवळपास कोण उपलब्ध आहे, हाही याच निकषाचा भाग आहे. छत्रपती संभाजीनगर येथे १९६० मध्ये स्थापन झालेले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि विद्यापीठाच्या परिसरातील राष्ट्रीय इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान संस्थेचे केंद्र यांमुळे तंत्रज्ञ तयार होतात. परंतु अर्ज घडविणारी व्यक्ती सोडून गेल्यावर तो दुसऱ्यास समजावा, अशी साधी रचना ठेवणे हे कोणत्याही संस्थेस हितावह असते.

देवनागरी लिपीचे प्रश्न : बहुतेक चौकटी व त्यांची पूरक साधने रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून प्रथम तपासली जातात. त्यामुळे मराठी अर्जांत काही दोष वारंवार आढळतात. युनिकोड या सार्वत्रिक लिपिसंकेतात मूळ अक्षर व त्यास लागणारी मात्रा यांना वेगवेगळे संकेतांक आहेत. ‘काळे’ या आडनावात क, काना, ळ व मात्रा असे चार संकेत येतात. त्यांपैकी दोनच ‘अक्षर’ या वर्गात मोडतात व उरलेले दोन ‘चिन्ह’ या वर्गात. ‘नावात केवळ अक्षरेच असावीत’ असा नियम वरवर निर्दोष वाटतो, परंतु तो काना-मात्रा असलेले प्रत्येक नाव नाकारतो. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव वाचणाऱ्यास चार अक्षरांचे दिसते. संगणकाच्या दृष्टीने त्यात १० संकेत असून यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत ते ३० बाइट जागा व्यापते. ब्राउझरमधील रकान्याची मर्यादा संकेतांत व सर्व्हरवरील मर्यादा बाइटांत मोजली गेल्यास नाव अर्ध्यावर तुटते.

‘कऱ्हाडे’ या आडनावातील अर्धा र दोन वेगवेगळ्या संकेतक्रमांनी टंकित करता येतो. दोन्ही क्रम डोळ्यांना सारखेच दिसतात, परंतु तुलना करताना संगणक त्यांना भिन्न मानतो. एका कागदपत्रावरील नाव दुसऱ्याशी ‘जुळत नाही’ असे उत्तर येण्याचे हे एक कारण असू शकते. अंकांच्या बाबतीतही असाच घोटाळा होतो. छत्रपती संभाजीनगरचा ४३१००१ हा पिनकोड देवनागरी अंकांत भरल्यास जावास्क्रिप्ट त्याचे संख्येत रूपांतर करू शकत नाही. सर्व्हरवर वापरली जाणारी पायथन ही भाषा मात्र तेच रूपांतर बिनदिक्कत करते. म्हणजेच एका बाजूस अवैध ठरलेले उत्तर दुसऱ्या बाजूस वैध असते. भरलेले अंक तपासणीपूर्वी एकाच रूपात आणणे हा यावर सोपा उपाय आहे. प्रत्येक कळ दाबताच पडताळणी करणे हेही मराठीत सदोष ठरते. कारण जोडाक्षर टंकित होत असताना मधली अवस्था अपुरी असते व सूचना अकारण उमटते. अर्जदार रकाना सोडून पुढे गेल्यावर तपासणी करणे अधिक योग्य होय. छत्रपती संभाजीनगर शहरात उर्दू भाषकांची संख्या मोठी आहे. उर्दूत लिहिलेले नाव उजवीकडून डावीकडे वाचले जाते. ज्या रकान्यांत दोन्ही लिप्या येऊ शकतात, तेथे मजकुराची दिशा ब्राउझरने ओळखावी अशी सूचना देता येते.

जिल्ह्यातील एक नमुना : वरील निकष एकत्र कसे लागू होतात, हे पाहण्यासाठी पैठण तालुक्यातील विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीकरिता करावयाच्या उत्पन्नाच्या दाखल्याच्या अर्जाची कल्पना करावी. त्यात प्रथम जिल्हा, तालुका व गाव निवडावे लागते. राज्यात ३६ जिल्हे व ४०,००० हून अधिक गावे आहेत. प्रत्येक गावाच्या नावासाठी व संकेतांकासाठी सरासरी ३० बाइट धरल्यास संपूर्ण यादी सुमारे १.२ मेगाबाइटची होते आणि वर सांगितलेल्या मंद जोडणीवर ती उतरण्यास पाऊण मिनिटाहून अधिक वेळ लागतो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. तालुका निवडल्यानंतर त्यातीलच गावे मागविल्यास यादी काही किलोबाइटांत मावते. येथे मोठ्या चौकटीची गरज नाही. माहितीची योग्य विभागणी पुरेशी आहे.

यादीत नावाऐवजी संकेतांक साठविणे का आवश्यक आहे, हे याच जिल्ह्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. शहराचे औरंगाबाद हे नाव बदलून छत्रपती संभाजीनगर करण्यास केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये संमती दिली आणि जिल्हा, विभाग इत्यादींच्या नावांची अधिसूचना त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निघाली. उस्मानाबादचे नावही धाराशिव झाले. अर्जदाराच्या जुन्या कागदपत्रांवर अर्थातच पूर्वीची नावे आहेत. शिवाय बिहारमध्ये औरंगाबाद नावाचा जिल्हा आहेच. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याचा संकेतांक ५१५ होता. अशा स्थिर संकेतांकाशी माहिती जोडलेली असल्यास नाव बदलले तरी नोंदी विस्कळीत होत नाहीत आणि यादीत दोन्ही नावांनी शोध घेता येतो.

अर्जदाराच्या नावाचा रकानाही स्थिर राहिलेला नाही. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नावात स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम शासकीय कागदपत्रांत लावण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. म्हणजे जन्मतारखेनुसार नावाचे भाग बदलतात. हा नियम पडद्याच्या रचनेत ठिकठिकाणी विखुरलेला असल्यास पुढील बदलाच्या वेळी तो शोधून काढणे अवघड जाते. एकाच जागी स्वतंत्रपणे लिहिलेला असल्यास चौकट बदलली तरी तो तसाच वापरता येतो.

अर्ज भरत असताना जोडणी खंडित झाल्यास भरलेली माहिती ब्राउझरमध्येच तात्पुरती राखून ठेवता येते. मोबाइल अर्जदाराचा स्वतःचा असल्यास ही सोय मोलाची ठरते. सेवा केंद्रातील एकाच संगणकावर मात्र दिवसभरात अनेकांचे अर्ज भरले जातात. तेथे राखून ठेवलेली माहिती पुढच्या माणसासमोर उघडी पडण्याचा धोका असतो. त्यामुळे अर्ज दाखल होताच ती पुसून टाकणे आणि सामायिक संगणकावर ती मुळातच न साठविण्याचा पर्याय देणे आवश्यक आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मुळे या दक्षतेस कायद्याचेही अधिष्ठान लाभले आहे.

सर्वांत नाजूक क्षण अर्ज सादर करण्याचा असतो. बटण दाबल्यावर उत्तर येण्यापूर्वी जोडणी तुटली, तर अर्ज पोहोचला की नाही हे अर्जदारास कळत नाही. तो पुन्हा बटण दाबतो आणि एकाच्या जागी दोन अर्ज नोंदले जातात किंवा शुल्क दोनदा कापले जाते. धीर धरून थांबला, तर कदाचित अर्जच गेलेला नसतो व मुदत उलटते. यावर पृष्ठ उघडतानाच अर्जास एक अनन्य क्रमांक देऊन ठेवतात. तोच क्रमांक पुन्हा आल्यास सर्व्हर नवी नोंद न करता पहिलीच पोचपावती परत पाठवितो. ही व्यवस्था सर्व्हरवर करावी लागते. कोणतीही ब्राउझर-चौकट ती आपोआप देत नाही.

मर्यादा व सुरक्षितता : ब्राउझरमधील पडताळणी ही अर्जदाराच्या सोयीसाठी असते, व्यवस्थेच्या संरक्षणासाठी नव्हे. ग्राहक-बाजूस पाठविलेली आज्ञावली वापरणाऱ्याच्या ताब्यात असते आणि ती बदलून किंवा वगळून हवी ती माहिती सर्व्हरकडे पाठविता येते. म्हणून प्रत्येक नियम सर्व्हरवर पुन्हा तपासावाच लागतो. चौकटीमुळे पडदा आधुनिक दिसू लागला की ही दुसरी तपासणी अनावश्यक वाटू लागते, हा नेहमीचा गैरसमज होय. याउलट बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. सर्व काम सर्व्हरवर ढकलल्यास प्रवेशाच्या हंगामात एकाच वेळी लक्षावधी विद्यार्थी आले असता सर्व्हरवर अवाजवी भार पडतो. चुका ब्राउझरमध्येच दुरुस्त झाल्यास निष्फळ फेऱ्या वाचतात. त्यामुळे दोन्ही बाजूंत कामाची वाटणी करणे, हेच रचनेचे मर्म आहे.

क्रमशः संवर्धन : या सर्व निकषांचा मेळ घालणारी रचनापद्धती क्रमशः संवर्धन या नावाने ओळखली जाते. तीत प्रथम केवळ एचटीएमएलवर चालणारा संपूर्ण अर्ज तयार करतात. जावास्क्रिप्ट पोहोचली नाही तरी तो भरता व सादर करता येतो. त्यानंतर तत्काळ सूचना, परस्परावलंबी याद्या व माहिती राखून ठेवण्याची सोय यांची भर घालतात. एखाद्या विभागाची गुंतागुंत खरोखरच मोठी असल्यास तेवढ्यापुरती चौकट वापरतात. निरनिराळ्या चौकटींचे आधुनिक पूरक संचही प्रथम तयार पृष्ठ सर्व्हरवरून पाठविण्याच्या दिशेने वळले आहेत. या पद्धतीत चौकट अर्धवट उतरली तर पडदा कोरा राहत नाही. अर्जदारास साधा, पण पुरा अर्ज मिळतो.

निवड निश्चित करण्यापूर्वी अर्जाचा लहान नमुना दोन-तीन पद्धतींनी बांधून प्रत्यक्ष वापरून पाहणे हा विश्वसनीय मार्ग होय. ही चाचणी कार्यालयातील वेगवान जोडणीवर न करता स्वस्त मोबाइलवर, मराठी कळफलकाने, लांब नावे व देवनागरी अंक भरून आणि मध्येच जोडणी तोडून करावी लागते. डोळे मिटून, केवळ वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीच्या आधाराने अर्ज पूर्ण होतो का, हेही तीत पाहतात. या चाचणीत ज्या पद्धतीने अर्जदाराच्या हाती पोचपावती निश्चितपणे पडते, ती पद्धत त्या अर्जापुरती योग्य समजावी. चौकटीची लोकप्रियता वा नवेपणा हा त्यानंतरचा विचार आहे.